सांगाड्याचे काळे रोगण

मोटारसायकलीच्या टाकीला तांबडा, निळा, हिरवा असा कोणताही रंग दिलेला आढळतो. परंतु टाकीखालचा लोखंडी सांगाडा बहुधा काळाच असतो. शंभराहून अधिक वर्षे हा क्रम चालत आला आहे. कारखानदारांना दुसरा रंग सुचला नाही, असा याचा अर्थ खचित नव्हे. ज्या भागावर चिखल उडावयाचा, तेल गळावयाचे आणि खडे आदळावयाचे, त्या भागाला अल्प खर्चात अधिकात अधिक काळ टिकणारा लेप कोणता, हा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर मोटारसायकल जन्माला येण्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे सापडलेले होते. आणि तेही चहाची तबके व पेट्या करणाऱ्यांच्या हाती.

सतराव्या शतकात चीन व जपान येथील लाखकामाच्या वस्तू युरोपात जाऊ लागल्या. त्यांतील काही चिनी पडदे आमच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून जहाजात चढत, म्हणून त्यांना कोरोमंडलचेच नाव पडले; हिंदुस्थानचा या कथेशी आरंभीचा संबंध एवढाच. ज्या झाडाच्या चिकापासून ते लाखकाम होई, ते झाड युरोपात नव्हते. तेव्हा वेल्समधील पॉन्टिपूल गावी ऑलगुड नावाच्या कुटुंबाने लोखंडी पत्र्यावर त्याची नक्कल साधली. पुढे हे कसब बिल्स्टन, वुल्व्हरहॅम्प्टन व बर्मिंगहॅम येथे पसरले, आणि जपानची नक्कल म्हणून त्याला ‘जपानिंग’ म्हणू लागले.

त्याची कृती साधी, पण सोशिकपणाची होती. खनिज डांबर जवसाच्या तेलात शिजवावयाचे, टर्पेंटाईनने पातळ करावयाचे, त्याचा एक हात पत्र्यावर द्यावयाचा आणि ती वस्तू कित्येक तास भट्टीत ठेवावयाची. बाहेर काढल्यावर दगडाच्या बारीक पुडीने घासावयाची आणि पुन्हा हात, पुन्हा भट्टी. उष्णतेने तेलाचे कण हवेतील प्राणवायूच्या योगाने एकमेकांत कायमचे गुंतून जातात. मग तो थर नुसता वाळलेला राहत नाही, तर त्याचे जणू रूपांतर होते, आणि कढत चहा सांडला तरी तो सुटत नाही. काळेपणाचे कारणही यातच आहे. डांबर स्वतःच रंग असल्यामुळे महाग रंगद्रव्य विकत घ्यावे लागत नसे. आणि फिकट रंग घातलाच, तर त्या काळच्या तेलकट रोगणात तो भट्टीच्या आचेने तपकिरी पडे.

वुल्व्हरहॅम्प्टन येथे एडवर्ड पेरी याचा ‘जेड्डो वर्क्स’ नावाचा असा एक कारखाना होता. जेड्डो म्हणजे येडो, टोकियोचे जुने नाव! १८५१ साली जॉन मार्स्टन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा तेथे उमेदवार म्हणून राहिला. १८५९ मध्ये त्याने बिल्स्टन येथे स्वतंत्र धंदा मांडला आणि १८७१ मध्ये पेरीचा कारखानाही विकत घेतला. परंतु लोकांची अभिरुची पालटली, विजेच्या मुलाम्याची भांडी स्वस्त झाली आणि रोगणी तबकांना गिऱ्हाईक कमी झाले. धंद्याला उतार लागला असता एखाद्याने भट्ट्या विझवल्या असत्या. मार्स्टनने १८८७ साली त्याच भट्ट्यांत सायकलींचे सांगाडे सरकवले. एका चकाकणाऱ्या सांगाड्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहून त्याच्या पत्नीने ‘सनबीम’ हे नाव सुचवले, अशी आख्यायिका आहे. १९१२ साली त्याच नावाची मोटारसायकल निघाली. काळ्या सांगाड्यावर सोनेरी रेघा, ही तिची खूण. तिचे रूप सभ्य गृहस्थाला साजेसे होते. पण म्हणून ती नाजूक होती असे नव्हे. आइल ऑफ मॅनच्या खडतर शर्यतीत ती १९२०, १९२२, १९२८ व १९२९ या वर्षी पहिली आली.

१९१८ मध्ये मार्स्टनचा मुलगा व पाठोपाठ स्वतः मार्स्टन वारला, आणि कारखाना लवकरच स्फोटक द्रव्ये बनवणाऱ्या नोबेल उद्योगसमूहाकडे गेला. येथे इतिहासाने मोठी गंमत केली. महायुद्ध संपताच स्फोटक कापसाची मागणी आटली, आणि त्याच जातीच्या द्रव्यापासून अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने ‘ड्यूको’ नावाचा रंग काढला. गाडीला रोगण चढवण्यास पूर्वी आठवडे लागत, ते काम आता काही तासांत होऊ लागले. आणि रंगही हवा तो मिळू लागला. ड्यू पाँट घराण्यातील एका गृहस्थाच्या हाती १९३० साली अमेरिकेतील ‘इंडियन’ मोटारसायकलीचा कारखाना आला, तेव्हा १९३४ मध्ये गिऱ्हाइकापुढे चोवीस रंग ठेवण्यात आले.

परंतु सांगाड्याच्या दृष्टीने या नव्या रंगात एक उणीव होती. तो वाळतो तो केवळ द्रावक उडून गेल्यामुळे. म्हणून तशाच जातीचा द्रावक लागला की पुन्हा मऊ पडतो, आणि खडा लागला की त्याचा टवका उडतो. त्यामुळे टाकीवर नवा रंग आला, तरी पुष्कळ कारखान्यांत सांगाडा भट्टीतच जात राहिला. १९२७ च्या सुमारास अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कीन्ले याच्या प्रयत्नाने अल्किड रोगण निघाले, तेव्हा कोठे भट्टीत न करपणारा रंगीत लेप स्वस्तात मिळू लागला.

रंगाच्या डब्याचीच चर्चा फार होते, त्याखालच्या लोखंडाची होत नाही. वास्तविक १९०६ साली कॉस्लेट नावाच्या इंग्रज गृहस्थाने घेतलेले पेटंट मोटारसायकलीच्या आयुष्याला कोणत्याही रंगाइतकेच उपकारक ठरले. लोखंड फॉस्फरिक आम्लाच्या उकळत्या द्रावणात ठेवले की त्यावर फॉस्फेटचा खरखरीत थर बसतो. त्या थराला रंग घट्ट धरतो आणि गंज पसरण्यास अटकाव होतो. गंजावरच रंग चढवलेला सांगाडा वर्षभर सुरेख दिसतो, आणि पुढे तो आतून कुजत असल्याचे मालकास कळतही नाही.

१९५० नंतर जर्मनीत भुकटीचा लेप निघाला आणि पुढील दोन दशकांत भुकटीला विद्युतभार देऊन ती धातूवर फवारण्याची रीत रूढ झाली. यात द्रावक मुळीच नसतो. कोरडी पूड सांगाड्याला चिकटते आणि भट्टीत वितळून एकजीव होते. एकट्या सांगाड्याचा विचार केला तर आज हाच लेप बहुधा किफायतशीर पडतो. एपॉक्सीची भुकटी उन्हात खडूसारखी पांढुरकी पडते. पॉलिएस्टरची तितकी पडत नाही, हा भेद दर विचारताना ध्यानात असावा. मात्र हा लेप जाड असतो. एके ठिकाणी फुटला की त्याखालून पाणी सरकते, आणि तेवढ्याच जागी ब्रशाने हात देऊन तो पूर्ववत होत नाही. जुन्या रोगणाची डागडुजी घरच्या घरी होत असे. शिवाय आटे आणि बेअरिंगच्या बैठका आधी झाकल्या नाहीत, तर सांगाडा पुन्हा जोडताना घासत बसण्याची पाळी येते. आणि लोखंडावर ठोकलेला क्रमांक जाड थराखाली बुजला, तर गाडीची ओळख पटवण्याच्या वेळी तो थर खरवडून काढावा लागतो.