मत्स्यटाकीतील गालिचा वनस्पती

गालिचा वनस्पती म्हणजे गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीत तळाशी आडव्या पसरून हिरवळीसारखा सलग थर तयार करणाऱ्या बुटक्या पाणवनस्पती होत. या वनस्पती धावत्या खोडांनी किंवा जमिनीलगतच्या फांद्यांनी वाढतात. त्यांचा थर जमवणे हा वनस्पतीयुक्त मत्स्यटाकीच्या मांडणीतील कठीण भाग समजला जातो. तळाशी प्रकाश सर्वांत कमी पोहोचतो आणि नाजूक रोपांना मुळे धरण्यास वेळ लागतो, ही त्याची मुख्य कारणे आहेत.

पार्श्वभूमी

जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी निसर्गदृश्यासारख्या मत्स्यटाक्यांची शैली रूढ केली. ग्लॉसोस्टिग्मा आणि रिक्सिया यांचे गालिचे त्यांच्या मांडणीमुळे जगभर लोकप्रिय झाले. रिक्सिया ही मूळची तरंगणारी वनस्पती असून ती दगडांना बांधून तळाशी ठेवली जाते.

प्रमुख जाती

* हेमिअँथस कॅलिट्रिकॉइडीस : मूळ क्युबा. पाने अतिशय लहान. भरपूर प्रकाश व कार्बन डायऑक्साइड आवश्यक.
* ग्लॉसोस्टिग्मा एलॅटिनॉइडीस : मूळ ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड. प्रकाश कमी पडल्यास आडवी न पसरता उंच वाढते.
* एलिओकॅरिस पार्व्हुला : गवतासारखी, मचूळ पाण्यातही तग धरणारी.
* सॅजिटेरिया सब्युलाटा : पट्टीसारखी पाने, कठीण पाणी सहन करते व नवशिक्यांस सोयीची.
* मार्सिलिया : नेचावर्गीय वनस्पती. हिची मिनुटा ही जाती महाराष्ट्रातील तळी व भातखाचरांत आढळते. वाढ मंद असली तरी निगा कमी लागते.
* युट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया : कीटकभक्षी वनस्पती. कास पठारावरील 'सीतेची आसवे' याच प्रजातीत मोडते.

वाढीसाठी आवश्यक घटक

हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर लिटरमागे १ मिलिग्रॅमहूनही कमी असते. गालिचा दाट होण्यासाठी ते २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात. त्यासाठी वायूचे सिलिंडर किंवा साखर व यीस्टचे मिश्रण वापरले जाते. प्रमाण याहून बरेच वाढल्यास मासे गुदमरतात, म्हणून रात्री पुरवठा बंद ठेवतात. सुरुवातीस दिवे रोज ६ ते ८ तास लावणे पुरेसे असते. त्याहून अधिक प्रकाशाचा फायदा प्रथम शेवाळास होतो.

तळाचा थर १ ते ३ मिलिमीटर आकाराच्या कणांचा, पुढे सुमारे ४ सेंटिमीटर व मागे अधिक जाड ठेवतात. काळी माती पाण्यात फुगते व गढूळपणा आणते. तिच्यातील चुनखडीचे खडे पाण्याची कठीणता वाढवतात. वाळू किंवा खडीवर व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आल्यास तिच्यात चुना आहे असे समजावे.

लागवड

रोपांचे लहान जुडगे करून ती चिमट्याने १ ते २ सेंटिमीटर अंतरावर रोवतात. रोपवाटिकेतील बहुतेक रोपे पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्याखाली गेल्यावर त्यांची जुनी पाने कुजून नवी येतात; ही अवस्था म्हणजे लागवडीचे अपयश नव्हे.

दुसरी पद्धत 'कोरडी सुरुवात' होय. यात तळ केवळ ओला ठेवून टाकीचे तोंड पातळ प्लास्टिकने झाकतात व रोज थोडा वेळ हवा देतात. रोपांना हवेतील कार्बन डायऑक्साइड थेट मिळतो व पाण्यातील शेवाळाचा उपद्रव टळतो. झाकण सतत बंद राहिल्यास मात्र बुरशी येते. ४ ते ८ आठवड्यांत मुळे धरल्यावर टाकी हळूहळू भरतात.

गालिचा २ ते ३ सेंटिमीटर उंच झाल्यावर छाटावा लागतो. छाटणी न केल्यास खालच्या थराला प्रकाश मिळत नाही, तो कुजतो आणि संपूर्ण गालिचा सुटून वर तरंगतो.

मराठवाड्यातील परिस्थिती

बहुतेक गालिचा वनस्पतींना २० ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. बीड जिल्ह्यातील नारायणगडासारख्या पर्जन्यछायेच्या भागात उन्हाळी तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि पाण्याची टंचाई असते. पृष्ठभागावर पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी काही अंशांनी थंड होते. कोरड्या हवेत हा उपाय अधिक परिणामकारक ठरतो. मात्र पाणी उडून गेले तरी क्षार मागे राहतात. घट भरून काढण्यासाठी प्रत्येक वेळी विंधन विहिरीचे कठीण पाणी घातल्यास क्षार साठत जातात. म्हणून ही भर शुद्धीकरण यंत्रातील किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने घालणे इष्ट असते. कोरडी सुरुवात पहिल्या आठवड्यांतील वारंवार पाणी बदलणे वाचवते. त्यामुळे टंचाईच्या भागात ती विशेष उपयुक्त आहे.

पर्यावरणविषयक दक्षता

छाटलेले तुकडे ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत टाकू नयेत, कारण अनेक जाती तुकड्यांपासून पुन्हा वाढतात. महाराष्ट्रातील नद्या व जलाशय व्यापणारी जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील असून शोभेची वनस्पती म्हणूनच जगभर पसरली. छाटणीचा कचरा उन्हात वाळवून खतात मिसळणे सुरक्षित ठरते. कास पठारासारख्या संरक्षित स्थळांवरून वनस्पती उपटून आणू नयेत. रोपवाटिकेतील किंवा ऊतिसंवर्धित रोपेच वापरावीत.