सीक्वेस्टर म्हणजे काय? अमेरिकेच्या संरक्षण खर्चाला आपोआप कात्री कशी लागली?

अमेरिकेत ऑगस्ट २०११ मध्ये 'बजेट कंट्रोल अ‍ॅक्ट' मंजूर झाला. दहा वर्षांत तूट किमान १.२ लाख कोटी डॉलरने कमी करण्यासाठी दोन्ही पक्षांच्या १२ खासदारांची समिती नेमली गेली. तोडगा न निघाल्यास आपोआप कपात होणार होती: निम्मी संरक्षणात, निम्मी इतर खर्चात. ती कोणालाच नको असल्याने तडजोड होईल, असा हिशेब होता. तो चुकला. रिपब्लिकन करवाढीला तयार नव्हते. डेमोक्रॅट करवाढीशिवाय सामाजिक योजनांना हात लावू देईनात. १ मार्च २०१३ रोजी कपात लागू झाली. सैनिकांचे पगार वाचले. मात्र संरक्षण खात्याच्या सुमारे ६.५ लाख नागरी कर्मचाऱ्यांना सहा दिवस बिनपगारी घरी बसावं लागलं. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही पक्षांनीच खर्चमर्यादा सैल केली.