परावटू अतिक्रियता आणि हाडांचे आरोग्य

परावटू अतिक्रियता : गळ्यातील अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या मागील बाजूस असलेल्या परावटू ग्रंथींतून जरुरीपेक्षा जास्त हॉर्मोन स्रवण्याची विकृती. या ग्रंथी सामान्यतः 4 असून प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी असते. रक्तातील कॅल्शियम घटू न देणे, हे त्यांचे काम.

शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते; हे हॉर्मोन हाडांतील कॅल्शियम रक्तात आणते. हॉर्मोन सतत वाढलेले राहिल्यास हाडे झिजवणाऱ्या पेशींचे काम नव्या हाडाच्या निर्मितीवर मात करते. हाडांचे कठीण बाह्य कवच विशेष विरळ होते. म्हणून असे कवच जास्त असलेल्या मनगटाजवळच्या हाडाची घनता लवकर घटते. मणक्यांची घनता तुलनेने टिकलेली दिसली, तरी त्यांच्या अस्थिभंगाचा धोका वाढतोच.

या विकृतीच्या प्राथमिक प्रकारात बहुधा एकाच ग्रंथीत कर्करोगाची नसलेली गाठ असते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत तो अधिक आढळतो. जुनाट मूत्रपिंडविकार किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे दुय्यम प्रकार उद्भवतो. तीव्र विकारात हाडांत पोकळ्या होतात. 1891 मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख फोन रेक्लिंगहाउझेन यांनी या अस्थिविकाराचे वर्णन केले. 1925 मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी अशा रुग्णाची परावटू गाठ शस्त्रक्रियेने काढली.

निदानासाठी रक्तातील कॅल्शियम व हॉर्मोन मोजतात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मनगटाजवळचे हाडही तपासणे आवश्यक असते. प्राथमिक प्रकारात यशस्वी शस्त्रक्रियेनंतर हाडांची घनता पुन्हा वाढू लागते. किरकोळ धक्क्याने हाड मोडल्यास केवळ वयाला दोष न देता रक्तातील कॅल्शियम व हॉर्मोन तपासावे.