पिकलेलं गळू आणि न शिवणारे हात

आमच्या आजीच्या डाव्या खांद्यामागं एक खड्डा होता. अंगठा बसेल एवढा. लहानपणी आम्ही त्यात बोट घालून विचारायचो, "आये, ह्ये काय गं?" ती म्हणायची, "बेंड झालं व्हतं. फोडाया कुनी मिळालं नाय. आपसूक फुटलं. बारा रोज उपडी निजले."

एवढाच तिचा इतिहास. इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, तह असतात, गळवं नसतात. पण कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात, उल्हास आणि पाताळगंगेच्या काठानं जे राबले, त्यांच्या अंगावर इतिहास असाच लिहिलेला आहे. आवणीच्या दिवसांत काटा मोडायचा, खरचटायचं, आत चिखल जायचा. मग करट, केसतूड, काखमांजरी, बेंड. नावं चिक्कार, औषध एकच. कांद्याचं नाहीतर जवसाचं पोटीस बांधायचं आणि पिकायची वाट बघायची.

पिकलं की फोडावं लागतं. पाठीवरचं गळू आपल्याला आपलं फोडता येत नाही. दुसऱ्याचा हात लागतो. आणि हात म्हटला की गावाचा सगळा कायदा आडवा येतो.

गावात सुरी न्हाव्याकडं. हजामत तोच करायचा, गळवाला चिरा तोच द्यायचा. पण महारवाड्यात तो पाय ठेवायचा नाही. आमचे केस आमच्यातलाच कुणी कापायचा. आमची गळवं वाड्यातलीच एक म्हातारी बाभळीच्या काट्यानं फोडायची. ती म्हातारी मेली आणि त्याच पावसात आजीला बेंड झालं. खड्डा राहिला तो असा.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू. कारण आम्हाला नेहमी सांगतात की शस्त्रक्रिया आमच्या पूर्वजांनी जगाला दिली. दिली असेल. सुश्रुताची संहिता खरोखरच मोठा ग्रंथ आहे. गळू कच्चं कधी, पिकत आलेलं कधी, पिकलेलं कधी, याचा त्यात स्वतंत्र अध्याय आहे. चिरा देण्याला तो भेद्य कर्म म्हणतो. विद्यार्थ्यानं थेट माणसाला चिरू नये, आधी पाणी-चिखल भरलेल्या कातड्याच्या पखालीवर हात बसवावा, असंही सांगतो. शहाणपणाची गोष्ट आहे. पण विचारा, ती पखाल कुणी केली? मेलेलं ढोर कुणी ओढलं, कातडं कुणी कमावलं? ज्याच्या हातच्या कातड्यावर वैद्याचा हात बसला, त्याला त्या विद्येच्या उंबऱ्यावर उभं केलं नाही. शूद्राला शिकवावं की नाही, यावर तिथं चर्चा आहे. कुळाचा चांगला असेल तर मंत्र सोडून शिकवावं, असं काहींचं मत तिथं नोंदवलंय. आपला तर त्या चर्चेतही नंबर नाही.

आपलं नाव येतं ते दुसरीकडं. गळवाच्याच त्या अध्यायात. जो वैद्य कच्चं गळू अडाणीपणानं कापतो आणि जो पिकलेल्याकडं काणाडोळा करतो, ते दोघेही श्वपच समजावेत, असं सुश्रुत म्हणतो. श्वपच म्हणजे कुत्रं शिजवून खाणारा. म्हणजे चांडाळ. म्हणजे कोण, ते तुम्हाला-मला सांगायला नको. इतक्या बारकाईनं पू ओळखणारा माणूस. पण वाईट वैद्याला शिवी शोधताना त्याला आपली जात सापडली.

मनू तर याच्याही पुढं गेला. त्याच्या चौथ्या अध्यायात कुणाकुणाचं अन्न खाऊ नये याची यादी आहे. वैद्याचं अन्न म्हणजे पू, असं तो सांगतो. जो दुसऱ्याचा पू काढतो, त्याच्या ताटातही पू! मग विद्वानानं सुरी कशाला धरावी? पोथी वर राहिली, सुरी खाली उतरत न्हाव्याच्या धोपटीत आली. न्हाव्यालाही वरच्यांनी हलकाच मानला. आणि त्या हलक्या मानलेल्यानं आपल्याहून खालचा शोधला, तो आमचा वाडा. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती एका गळवात अशी पुरती दिसते. ही मनुस्मृती आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा कुलाबा म्हणत, महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली. आजीच्या खांद्याचा आणि त्या आगीचा संबंध नाही असं कोण म्हणेल?

न्हाव्याच्या घरातूनही हे कुंपण मोडणारा निघाला. माथेरानचे भाई कोतवाल त्याच समाजातले. वकील झाले, कर्जत तालुक्यातल्या गरिबांसाठी झटले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीनं गेले. त्यांचं नाव आपणही घेतलं पाहिजे.

सुरी न्हाव्याकडं असणं हे काही आपल्याकडंच नव्हतं. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शस्त्रवैद्य यांची एकच कंपनी केली होती. ते वेगळे झाले १७४५ मध्ये. पण तिथला शस्त्रवैद्य वर चढला. सप्टेंबर १८७१ मध्ये व्हिक्टोरिया राणीला काखेत गळू झालं. आपल्या भाषेत काखमांजरीच. जोसेफ लिस्टरनं बाल्मोरलला जाऊन कार्बोलिक वापरून चिरा दिला. पू वाहता राहावा म्हणून आत रबरी नळी ठेवली. राणी बरी झाली आणि पू काढणाऱ्या त्या माणसाला १८८३ मध्ये बॅरोनेट केलं. राणीचं राज्य काही आमचं नव्हतं. तिच्याच राज्यात, १८६३ मध्ये, कर्जतहून बोरघाट चढून आगगाडी वर गेली. आगगाडी आली, पण घाटाखालच्या वाड्यांत लिस्टर उतरला नाही.

आणि डॉक्टर आला तरी काय? १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र छापलं होतं. बाबासाहेबांनी ते आपल्या लिखाणात घेतलंय. बायको बाळंतीण, आजारी. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. तिला वस्तीबाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाकडं दिला, त्यानं नवऱ्याकडं, नवऱ्यानं बायकोला लावला आणि त्याच वाटेनं परत. न्यूमोनिया आहे म्हणाला. बाई मेली.

ताप असा दुरून मोजता येतो. गळू दुरून फोडता येत नाही. तिथं शिवावंच लागतं. म्हणून गळू ही विटाळाची खरी परीक्षा.

ती परीक्षा पास झालेलेही हात आहेत. १८९७ च्या प्लेगात माणसांच्या काखेत, जांघेत गाठी येत होत्या. सख्खे दूर पळत होते. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेतलं आणि यशवंतच्या दवाखान्यात पोचवलं. पोर वाचलं. बाई १० मार्चला गेल्या.

१८८० मध्ये ऑगस्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं गळवाच्या पुवात द्राक्षांच्या घोसासारखे जंतू पाहिले. ते कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात गपगुमान बसलेले असतात. सोवळ्यातल्या नाकातही. विटाळ म्हणून जे आमच्या अंगावर टाकलं, ते सगळ्यांच्याच नाकात निघालं.

माझ्या मानेवर गळू झालं तेव्हा मी एका सरकारी दवाखान्यात गेलो. कलम १७ लागू होऊन कैक वर्षं झालेली. डॉक्टरनं आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात कुठं. चिरा त्यानंच दिला, खोटं कशाला बोलू. पण पू दाबून काढायला, आतले कप्पे मोडायला आणि पट्टी भरायला त्यानं झाडूवाल्याला हाक मारली. तो आपलाच निघाला. हळूच म्हणाला, "दादा, तोंड शिवू देऊ नको हां. जखम तळापास्नं भरत आली पायजे. वरून मिटली तर पुन्यांदा पिकंल." हे त्याला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. रोज दुसऱ्याचा पू काढून तो शिकला होता. माझ्या मानेवर आज नुसती रेघ आहे, खड्डा नाही. ती त्याची विद्या.

आता राहिला सुश्रुताचा तो नियम. पिकलेलं गळू दिसत असून जो काणाडोळा करतो तो चांडाळ. ठीक आहे, नियम मान्य. मग आजीच्या ठणकणाऱ्या खांद्याकडं बारा दिवस पाठ फिरवणारं ते अख्खं गाव कोण होतं, तेवढं आता त्याच शास्त्रानं सांगावं.