जिभेचा दगड

आज एका दगडाची गोष्ट सांगते.

युरोपात माल्टा नावाचं बेट आहे. तिथल्या खडकांत त्रिकोणी, टोकदार, चकचकीत दगड सापडत. लोक म्हणत, संत पॉलला तिथं साप चावला, त्यानं सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभांचे दगड झाले. म्हणून ते विषावर उतारा! कुणी गळ्यात बांधी, कुणी पेल्यात बुडवून पाणी पिई.

१६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ कोळ्यांना एक अजस्र शार्क मिळाला. तिथल्या ग्रँड ड्यूकनं त्याचं डोकं फ्लॉरेन्सला मागवलं आणि नील्स स्टेन्सन या अठ्ठावीस वर्षांच्या डॅनिश वैद्याला तपासायला दिलं. स्टेनो या नावानं तो पुढं प्रसिद्ध झाला. त्यानं जबडा पाहिला, दात पाहिले, शेजारी जिभेचे दगड ठेवले. आकार तोच! फाबिओ कोलोना यांनी १६१६ सालीच हे लिहिलं होतं, पण जुनी समजूत हटली नव्हती.

लोक म्हणत, हे दगड जमिनीतच वाढतात. स्टेनो म्हणाला, कठीण जमिनीत वाढणारी झाडाची मुळं वेडीवाकडी, दबलेली होतात. हे दगड तर सगळीकडे एकसारखे सुबक. म्हणजे ते आधी तयार झाले, भोवतालचा गाळ नंतर घट्ट झाला. आज जिथं डोंगर आहे, तिथं कधीकाळी समुद्र होता! १६६७ साली त्यानं हे छापलं. खडकांचे थर वाचायची विद्या पुढं याच विचारातून वाढली.

आता झिजलेला दात ओळखायचा कसा? ओढ्याच्या पाण्यात घरंगळून त्याचं मूळ आधी झिजतं, कारण ते सच्छिद्र असतं. वरचं कवच कठीण, ते टिकतं. म्हणून एकाच तुकड्यात दोन पोत दिसतात, गुळगुळीत चमक आणि खाली खरबरीत, मंद भाग. दोन्हींमधली रेघ स्पष्ट दिसते. एक बाजू बहुधा सपाट, दुसरी फुगीर. कडेचे करवतीसारखे दाते मात्र झिजून जातात, ते नाहीत म्हणून तुकडा टाकू नका. रंगावरून वय ठरवू नका, रंग गाळातल्या खनिजांचा असतो. बाजारात मोरी मिळाली, तर तिचा जबडा बघा. स्टेनोनं तेच केलं.

हे सगळं सांगण्याचं कारण एकच. आपल्याकडेही साप चावला की कुणीतरी विष शोषणारा मणी काढतं. आमच्या गटातल्या एका ताईंच्या पायावर असा दगड ठेवून घरच्यांनी तासभर वाट पाहिली. सुदैवानं त्या वाचल्या, पण तो तास मला आजही आठवतो. दगड सुंदर असतो, जुना असतो, पण विष उतरवत नाही. ते काम दवाखान्यातल्या इंजेक्शनचं.

तेव्हा दगड जपून ठेवा, मुलांना दाखवा. आणि साप चावला, तर आधी गाडी बोलवा.