बिनहुद्द्याचे नाव

दिल्लीला बदली झालेला मराठी माणूस पहिल्याच रविवारी मुलांना घेऊन इंडिया गेटला जातो. आम्हीही गेलो. १९३१ साली उघडलेल्या या कमानीवर पहिल्या महायुद्धात व अफगाण सरहद्दीवर कामी आलेल्यांपैकी तेरा हजारांहून अधिक जणांची नावे आहेत. पण मान दुखेपर्यंत वर पाहिले तरी त्यांतली पुष्कळशी वाचता येत नाहीत.

पुढे येथल्याच एका जुन्या बाजारात, अडकित्ते व कुलपे यांच्या ढिगात, आम्हांला ब्राँझची एक चकती दिसली. व्यास पावणेपाच इंच. एका बाजूस त्रिशूळधारी ब्रिटानिया आणि सिंह. कडेने इंग्रजीत ‘हा स्वातंत्र्य व सन्मान यांसाठी मेला’ अशा अर्थाची अक्षरे. आणि एका लहानशा चौकटीत उठावाने एक हिंदी नाव. महायुद्धात मेलेल्यांच्या वारसांना ब्रिटिश सरकारने अशा साडेतेरा लाखांवर चकत्या पाठविल्या. विलायतेतले लोक तिला ‘मेलेल्याचा पैसा’ म्हणत. परतंत्र देशातल्या घरी ‘स्वातंत्र्यासाठी’ हा शब्द येऊन पडावा, यातला उपरोध सांगावयास नको. परंतु आम्ही थबकलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. त्या नावाआधी हुद्दा नव्हता. बलिदानात उच्चनीच नको, म्हणून तो मुद्दाम गाळलेला असे. नावाआधी हुद्दा लिहिण्यात ज्यांची हयात जाते, त्या आम्हां नोकरदारांना हे नवलच.

दगडावर मात हा न्याय टिकला नाही. मेसोपोटेमियात पुणे डिव्हिजन कूट येथे १४७ दिवस वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली; तीत मराठा पलटणीही होत्या. त्या मोहिमेत ज्यांची थडगी सापडली नाहीत, त्यांच्यासाठी १९२९ साली बसरा येथे स्मारक झाले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात हा दुजाभाव कबूल केला. म्हणजे बसऱ्याच्या भिंतीवर जो निव्वळ आकडा ठरला, तो शिपाई नावानिशी उरला तो घरच्या चकतीवर.

आणि ते घर? १९११ च्या शिरगणतीत हजारी ५९ माणसे साक्षर होती. स्त्रियांत अवघ्या दहा. ज्या आईच्या हाती ते नाव पडले, तिला ते बहुधा वाचता आले नसेल. बोटांनी चाचपूनच तिने ते ओळखीचे केले असेल.

दुकानदार चकती वजनावर विकत होता. आम्ही ती घेतली. घरी मुलाने ते नाव अक्षर लावून मोठ्याने वाचले, तेव्हा आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

वाचकहो, पुढल्या रजेत गावी गेलात की माळ्यावरची जुनी भांडी मोडीत देण्यापूर्वी एकदा उलटून पाहा. एखादे बिनहुद्द्याचे नाव निघाले, तर ते घरातल्या सर्वांना ऐकू जाईल असे वाचा. ज्यांच्यासाठी ते कोरले गेले, त्यांना ते वाचून दाखवायला बहुधा कोणी नव्हते.