दुपारचे तीन आणि दोनशे शहाण्णव मते

निवडणुकांच्या इतिहासात रस असणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : सर्वांत महत्त्वाची लढत कोणती? विचारणाऱ्याच्या मनात त्याचे उत्तर बहुधा आधीच तयार असते. कुणाला बारामती म्हणायचे असते, कुणाला ठाणे, कुणाला वरळी. मी जालन्याचा. गेली काही वर्षे मी या प्रश्नाला 'जालना विधानसभा, २०१४' एवढेच उत्तर देतो. ऐकणारा थोडा हिरमुसतो. जालन्याला काय घडले असणार, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. त्याच्यासाठी आणि थोडेसे माझ्या स्वतःच्या हिशेबासाठी हा लेख.

आधी भूगोल सांगतो. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, तेव्हा मी बारावीत होतो. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्याचे होतो. त्याही आधी निजामाच्या राज्यात, मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. एकाच घरात राहून चार राजवटी पाहिलेली माणसे माझ्या लहानपणी गल्लीत होती. जिल्ह्यात आज आठ तालुके आणि विधानसभेचे पाच मतदारसंघ आहेत : परतूर, घनसावंगी, जालना, बदनापूर आणि भोकरदन. बदनापूर अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. लोकसभेला मात्र हा जिल्हा एकसंध मतदान करत नाही. जालना, बदनापूर आणि भोकरदन हे तीन मतदारसंघ सिल्लोड, फुलंब्री आणि पैठणसह जालना लोकसभेत येतात, तर परतूर आणि घनसावंगी परभणी लोकसभेत जातात. त्यामुळे 'जिल्ह्याचा कौल' हा वर्तमानपत्रांचा लाडका शब्दप्रयोग आमच्याकडे लोकसभेपुरता तरी फसवा आहे.

महत्त्वाची लढत ठरवण्याचे लोकांचे दोन मापदंड असतात. पहिला म्हणजे उमेदवाराचे वजन. त्या मापाने जालना लोकसभेची लढत नेहमी मोठी ठरली. रावसाहेब दानवे १९९९ पासून २०१९ पर्यंत सलग पाच वेळा येथून निवडून आले, केंद्रात राज्यमंत्री झाले, मधल्या काळात त्यांच्या पक्षाचे प्रदेशाध्यक्षही होते. पण या पाच विजयांचे आकडे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. २००९ साली काँग्रेसचे कल्याण काळे त्यांच्याकडून अवघ्या ८,४८२ मतांनी हरले. पुढच्या दोन निवडणुकांत हा फरक दोन लाखांच्या आणि मग तीन लाखांच्या वर गेला. २०२४ साली तेच कल्याण काळे १,०९,९५८ मतांनी जिंकले. गाजलेली लढत आणि अटीतटीची लढत यांची गाठ दर वेळी पडतेच असे नाही.

दुसरा मापदंड हाच, मतांचा फरक. येथे विधानसभेच्या लढती पुढे येतात. घनसावंगीचे उदाहरण घ्या. २०१९ साली राष्ट्रवादीचे राजेश टोपे यांनी शिवसेनेचे हिकमत उढाण यांचा ३,४०९ मतांनी पराभव केला. त्यानंतर टोपे राज्याचे आरोग्यमंत्री झाले आणि कोरोनाच्या काळात घराघरांतल्या दूरदर्शन संचावर दिसू लागले. साडेतीन हजार मते इकडची तिकडे झाली असती, तर त्या दोन वर्षांत राज्याला आरोग्यमंत्री म्हणून दुसराच कुणी दिसला असता. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि जिल्ह्याचे राजकारण ढवळून निघाले. २०२४ च्या विधानसभेला तेच दोन उमेदवार पुन्हा समोरासमोर आले आणि उढाण २,३०९ मतांनी जिंकले. सहा महिन्यांपूर्वी लोकसभेत ज्या महायुतीला जालन्यात मार खावा लागला होता, तिनेच नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या पाचही जागा घेतल्या.

जालना शहराची कथा याहून चमत्कारिक आहे. शिवसेनेचे अर्जुन खोतकर येथून १९९० आणि १९९५ साली निवडून आले. त्यानंतर या मतदारसंघाने कुणालाही सलग दोनदा पाठवलेले नाही. १९९९ साली काँग्रेसचे कैलास गोरंट्याल, २००४ साली खोतकर, २००९ साली गोरंट्याल, २०१४ साली खोतकर, २०१९ साली गोरंट्याल, २०२४ साली खोतकर. पंचवीस वर्षे दोन नावांची अशी पाळी चालली आहे. कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर नवा. आमदारकीही तशीच या काठावरून त्या काठावर जात राहिली, असे आम्ही थट्टेने म्हणतो.

या पाळीतली २०१४ ची खेप मात्र वेगळी होती. त्या वर्षी उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २० ते २७ सप्टेंबर अशी होती. पहिले चार-पाच दिवस पितृपक्षात गेले आणि शुभ-अशुभ पाळणारे उमेदवार थांबून राहिले. २५ सप्टेंबरला घटस्थापना झाली आणि त्याच दिवशी राज्यातली दोन्ही घरे फुटली : भाजप-शिवसेनेची युती तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही मोडली. दोन दिवसांत प्रत्येक पक्षाला प्रत्येक मतदारसंघात आपला माणूस शोधायचा होता. २७ तारखेला, शनिवारी, राज्यभरातल्या निवडणूक कार्यालयांत झुंबड उडाली.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ३३ नुसार उमेदवारी अर्ज सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेतच दाखल व्हावा लागतो. तीन म्हणजे तीन. ही अट कारकुनी वाटते, पण तिच्यामागे एक साधे तत्त्व आहे : मैदानात उतरण्याचा दरवाजा सर्वांसाठी एकाच क्षणी बंद झाला पाहिजे.

मतदान १५ ऑक्टोबरला झाले, मोजणी १९ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन चार दिवसांवर होते. चार प्रमुख पक्ष वेगवेगळे लढल्याने मते विखुरली होती. खोतकरांना ४५,०७८ मते पडली, गोरंट्याल यांना ४४,७८२. फरक २९६. विधानसभेत आमदार २८८. म्हणजे सभागृहातल्या बाकांपेक्षा आठच मते जास्त.

हरलेल्या उमेदवाराने आणि एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका दाखल केल्या. मुख्य आक्षेप मतमोजणीवर नव्हताच. २७ सप्टेंबरला विजयी उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला नाही, असा तो आक्षेप होता. पुरावा कुठून आणायचा? निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर व्हिडिओ चित्रीकरण झालेले होते. त्या चित्रीकरणाच्या सीडी न्यायालयापुढे आल्या आणि खरा पेच तेथे सुरू झाला.

भारतीय पुरावा कायद्यात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने कलम ६५-ब घातले होते. संगणकावरची किंवा कॅमेऱ्यातली नोंद सीडीवर उतरवून न्यायालयात दिली, तर ती नोंद कोणत्या यंत्रावर आणि कशी तयार झाली हे सांगणारे, जबाबदार व्यक्तीच्या सहीचे प्रमाणपत्र सोबत हवे, असे ते कलम सांगते. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१४ रोजी दिला होता. तो खटलाही निवडणुकीचाच, केरळमधल्या एरनाड विधानसभेचा : अनवर विरुद्ध बशीर. एरनाडच्या निकालानंतर नऊच दिवसांनी जालन्यात ते तीन वाजले. त्या दुपारी रांगेतल्या कुणाला त्या निकालाची वार्ता असेल असे मला वाटत नाही.

जालन्याच्या याचिकाकर्त्यांनी प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागितले. अधिकाऱ्यांकडून ते मिळाले नाही. उच्च न्यायालयाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची तोंडी साक्ष लक्षात घेतली, कायद्याची अट बऱ्याच अंशी पूर्ण झाली असे मानले, आणि इतर पुराव्याचाही विचार करून २४ नोव्हेंबर २०१७ रोजी ही निवडणूक रद्दबातल ठरवली. खोतकर तेव्हा राज्यमंत्री होते. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि आमदारकी चालू राहिली.

दरम्यान २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या एका खंडपीठाने शफी मोहम्मद प्रकरणात ही अट सैल केली होती. यंत्र ज्याच्या ताब्यात नाही त्याला प्रमाणपत्राची सक्ती नको, असा त्याचा आशय होता. आता एकाच कलमाचे दोन अर्थ समोर होते. जालन्याच्या अपिलात हा पेच तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला आणि १४ जुलै २०२० रोजी न्या. नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने निकाल दिला. प्रमाणपत्र अनिवार्यच आहे. शफी मोहम्मदचा निकाल चुकीचा आहे. मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि तरीही दुसऱ्याच्या नकारामुळे ते मिळाले नाही, त्याला कायदा अशक्य गोष्ट करायला लावणार नाही. खोतकरांची अपिले फेटाळली गेली.

पण तोवर काय उरले होते? २०१४ च्या विधानसभेची मुदत संपली होती. २०१९ च्या निवडणुकीत गोरंट्याल निवडूनही आले होते. ज्या खुर्चीसाठी खटला झाला ती खुर्ची निकालाच्या दिवशी अस्तित्वात नव्हती. अर्ज भरण्याच्या त्या दुपारपासून अंतिम निकालापर्यंत पावणेसहा वर्षे उलटली. आमदाराची मुदत पाच वर्षांची. निवडणूक याचिकांबद्दलची ही सर्वांत गंभीर तक्रार आहे आणि जालन्याइतका स्वच्छ दाखला तिला क्वचित मिळेल. जालना शहराच्या मतदाराला पाच वर्षे वैध आमदार होता की नव्हता, या प्रश्नाचे उत्तर त्याला उपयोगाचे असताना मिळाले नाही.

आणि तरीही हा निकाल वाया गेला असे म्हणता येत नाही. आज देशातल्या कोणत्याही सत्र न्यायालयात मोबाइलवरचे संभाषण, दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण किंवा फोनच्या कॉलची नोंद पुरावा म्हणून आली, की वकील 'अर्जुन पंडितराव' असा उल्लेख करतात. खुनाचा खटला असो की कौटुंबिक वाद, आमच्या आमदाराचे नाव त्यात येते. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. कलम ६५-ब चे तेथे कलम ६३ झाले, प्रमाणपत्राची अट कायम राहिली. २९६ मतांच्या फरकाने सुरू झालेला हा वाद आज ज्यांना जालना नकाशावर दाखवता येणार नाही, अशांच्या खटल्यांत निर्णायक ठरतो.

म्हणून माझा तिसरा मापदंड. लढत किती गाजली किंवा किती मतांनी सुटली याबरोबरच तिच्यामागे काय उरले, हेही पाहावे. विजय आणि पराभव पाच वर्षांत पुसले जातात. २०२५ साली गोरंट्याल भाजपमध्ये गेले. पंचवीस वर्षांचे प्रतिस्पर्धी एकाच महायुतीत आले. मतदाराने या दोघांपैकी एकाची निवड करताना जे वैर खरे मानले होते, त्याचे आयुष्य एवढेच. उरली ती नोंद.

आता माझा हिशेब. १९८५ साली मी पहिले मत दिले. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते. त्यानंतर एकही निवडणूक चुकवली नव्हती. २०१४ ची चुकवली. मुलीचे पुण्यात नवे बिऱ्हाड लावायला मी, पत्नी आणि मुलगा गेलो होतो. मतदान पथकात त्या खेपेला माझे नाव नव्हते. चौदा तारखेच्या परतीच्या गाडीची तिकिटे मिळत होती. 'विधानसभाच तर आहे,' असे मी म्हणालो आणि ती घेतली नाहीत. लोकसभेला मे महिन्यात लागलेला निकाल एवढा मोठा होता, की एका घराने काय होणार असे वाटले.

निकालानंतर दिवाळीच्या फराळाला शेजारी आले. ते दोनशे शहाण्णवचा आकडा सांगून म्हणाले, "सर, तुमच्या घरची तीन मतं होती की हो." त्यांनी ते सहज म्हटले. मी मात्र त्या रात्री भागाकार केला. अशी नव्याण्णव घरे पुरेशी होती. आमची तिघांची मते एकाच चिन्हावर पडली असती असेही नाही; मुलाचे आणि माझे राजकारणात कधी जमले नाही. कदाचित आम्ही फरक वाढवला असता, कदाचित कमी केला असता. पण वर्गात तीस वर्षे 'एका मताची किंमत' शिकवणाऱ्या माणसाला ती किंमत घरी कळली नव्हती, एवढे खरे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी सकाळी सातला रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या तरुणाने विचारले, "सर, यंदा कुठली लढत बघण्यासारखी आहे?" मी घनसावंगी सांगितले. तो म्हणाला, "आपल्या इथली नाही?" आपल्या इथली त्या वर्षी एकतर्फी निघाली, एकतीस हजारांहून अधिक मतांची. पण ते तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते, आणि रांग पुढे सरकली होती.